फोनला डॅक जोडताना: यजमान कोण, वीज कोणाची, घड्याळ कोणाचं

नवा डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा छोटा डबा, हातात आला. डब्यातली केबल काढली, एक टोक डॅकला लावलं, दुसरं फोनला. पडद्यावर लगेच अक्षरं उमटली, 'चार्जिंग सुरू आहे'. गाणं मात्र फोनच्याच स्पीकरवर वाजत राहिलं. माझ्या पहिल्या बॅटरीवाल्या डॅकचा पहिला अर्धा तास असा गेला. डॅक बिघडलेला नव्हता, केबलही चांगली होती. दोन्हीकडे सारखंच यूएसबी-सी पोर्ट, दोघांच्याही पोटात बॅटरी; फोनने समोरच्याला पॉवर बँक समजून त्याच्याकडून वीज घ्यायला सुरुवात केली होती. केबल काढून पुन्हा लावली, तेव्हा कुठे आवाज डॅकमधून आला.

डॅकबद्दल लोक बोलतात ते बहुधा आतल्या चिपच्या नावाबद्दल. पण फोन आणि टॅबलेटच्या बाबतीत गाणं वाजेल का, पुरेशा जोरात वाजेल का, आणि फाइलमध्ये जे आहे तेच कानापर्यंत पोचेल का, हे चिपच्या आधी जोडणी ठरवते. ती आतून कशी चालते हे कळलं की बऱ्याचशा अडचणींचं मूळ आपलं आपल्यालाच सापडतं.

डॅक फोनमध्येही असतोच

गाण्याची फाइल म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला, प्रत्येक कानासाठी, ४४,१०० वेळा ध्वनीलहरीची उंची मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिलेलं असतं. या एकेका मोजमापाला सॅम्पल म्हणतात. दोन्ही कान धरून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. या आकड्यांचा पुन्हा कमी-जास्त होणारा विद्युतदाब करून हेडफोनला देणारं सर्किट म्हणजे डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. ज्या फोनमधून स्वतःचा आवाज येतो, त्या प्रत्येक फोनमध्ये तो असतो.

मग बाहेरचा कशाला? पहिलं कारण साधं आहे: बऱ्याच फोनना आता हेडफोनचं भोकच नाही. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढलं आणि नंतर बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. दुसरं कारण ताकदीचं. फोनच्या आतलं सर्किट लहान इअरफोनपुरतं बेतलेलं असतं. मोठा, जड हेडफोन त्याला ओढवत नाही. तिसरं, टॅबलेटवरून घरातल्या मोठ्या ॲम्प्लिफायरला आवाज द्यायचा असेल तर स्वच्छ लाइन आउटपुट लागतं. आणि चौथं म्हणजे ध्वनिमुद्रण. त्यासाठी उलट्या दिशेचं काम करणारा, माइकच्या विद्युतलहरीचे आकडे करणारा कन्व्हर्टरही लागतो. दोन्ही दिशा एकाच डब्यात असल्या की त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. यूएसबीच्या दृष्टीने ही सगळी एकाच जातीची उपकरणं.

ब्लूटूथने हे सगळं तारेविना होतं, हे खरं. पण एलडॅकसारखा वरच्या दर्जाचा कोडेकसुद्धा (कोडेक म्हणजे पाठवण्याआधी आवाजाचे आकडे आटवण्याची पद्धत) जास्तीत जास्त ९९० किलोबिट दर सेकंद नेतो. सीडीचा दर आहे १,४११. म्हणजे वाटेत काहीतरी गाळावंच लागतं. तारेत ते लागत नाही.

यजमान कोण?

यूएसबी मुळात समान दर्जाच्या दोघांसाठी बनलेलं नाही. एक टोक यजमान, दुसरं पाहुणा. यजमान वीज देतो, 'तू कोण, तुला काय येतं' असं विचारतो आणि बोलायची वेळही तोच ठरवतो. पाहुण्याला आपण होऊन बोलायची मुभा नाही; विचारलं की उत्तर द्यायचं. संगणक कायमचा यजमान, आणि माउस, प्रिंटर, डॅक हे कायमचे पाहुणे. फोन मात्र पाहुणा म्हणून जन्माला आला. त्याला संगणकाला जोडायचं, फोटो काढून घ्यायचे, चार्ज करायचा. डॅक जोडताना आपण याच पाहुण्याला यजमान व्हायला सांगत असतो.

मायक्रो-यूएसबीच्या काळात यासाठी ओटीजी, म्हणजे 'ऑन-द-गो' नावाची, फोनला यजमान करणारी केबल लागायची. साध्या यूएसबी प्लगला चार संपर्क असतात, मायक्रोला पाच. पाचव्याचं काम फक्त ओळख पटवणं. ओटीजी केबलच्या एका टोकात ही पिन ग्राउंडला जोडलेली असते, आणि ते टोक ज्याच्यात शिरतं त्याला 'तू यजमान' असं कळतं. म्हणून त्या केबली उलट्या लावल्या की काहीच घडत नसे. टोकं दिसायला सारखी होती, स्वभावाने वेगळी होती.

सी पोर्टमध्ये हे काम सीसी नावाच्या संपर्काकडे गेलं. जो यजमान आहे तो त्या तारेला रोधकातून वर खेचतो, जो पाहुणा आहे तो ५.१ किलोओहमच्या रोधकातून तिला खाली ओढतो. एक वर, एक खाली असं जुळलं की यजमान पाच व्होल्टची वीज सोडतो आणि बोलणं सुरू होतं. फोन दोन्ही भूमिका करू शकतो, म्हणून काही जोडलेलं नसताना तो सारखा वर-खाली करत राहतो, समोर कोण येतंय याची वाट बघत. समोरचा डॅकही तसाच दुहेरी निघाला, तर कोण यजमान होईल हे त्या क्षणावर, जवळजवळ नशिबावर ठरतं. माझ्या बॅटरीवाल्या डॅकचं नेमकं हेच झालं होतं. अशा वेळी केबल काढून पुन्हा लावणं हा खरा उपाय आहे, अंधश्रद्धा नाही. काही फोनमध्ये जोडल्यावर येणाऱ्या सूचनेतून 'हे उपकरण' आणि 'जोडलेलं उपकरण' यांतला यजमान निवडताही येतो.

याच रोधकामुळे आणखी एक कोडं सुटतं. काही डॅक सी-टू-सी केबलने मेल्यासारखे पडून राहतात, आणि सी-टू-ए ओटीजी अडॅप्टर व त्याला साधी ए-टू-सी केबल (ए म्हणजे संगणकावरचं जुनं, चपटं चौकोनी यूएसबी) असा लांबचा वळसा घेतला की व्यवस्थित चालतात. कारण डॅक बनवणाऱ्याने तो खाली ओढणारा रोधक बसवलेलाच नसतो. फोनला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही, म्हणून तो वीज सोडत नाही. ओटीजी अडॅप्टरमध्ये हा रोधक आधीच असतो, तो डॅकच्या वतीने 'मी आहे' असं सांगतो. दोष डॅकमध्ये असतो आणि खापर केबलवर फुटतं.

अर्थात केबलचा दोषही पुष्कळदा असतोच. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून फरक दिसत नाही. डॅकसोबत आलेली केबल म्हणूनच वेगळी जपून ठेवावी, चार्जरच्या गुंत्यात टाकू नये.

लाइटनिंग पोर्टच्या जुन्या आयफोन-आयपॅडची गोष्ट निराळी. त्यांची नेहमीची चार्जिंगची केबल फोनला पाहुणाच ठेवते. डॅकला लावून उपयोग नाही. त्यांना 'कॅमेरा अडॅप्टर' लागतो. आवाजाच्या उपकरणाला कॅमेऱ्याचं नाव कसं, याला इतिहास आहे. २०१० साली पहिल्या आयपॅडबरोबर ॲपलने कॅमेऱ्यातले फोटो आत घेण्यासाठी एक जोडणी विकायला काढली. लोकांनी तिला यूएसबी डॅक आणि माइक लावून पाहिले, आणि ते चालले. टॅबलेटला बाहेरून आवाज जोडण्याची खरी सुरुवात त्या फोटोंच्या अडॅप्टरने झाली. २०१८ च्या आयपॅड प्रोपासून आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून तिथेही सी पोर्ट आलं आणि हा अडॅप्टर त्या उपकरणांपुरता सुटला.

एक सावधगिरी सी पोर्टच्या लहान हेडफोन अडॅप्टरबद्दल. दिसायला सगळे सारखे, बोटभर केबल आणि टोकाला ३.५ मिलिमीटरचं भोक. पण त्यात दोन जाती आहेत. एकीत छोटा डॅक असतो. ती खरी यूएसबी उपकरणं. दुसरीत काहीच नसतं, नुसत्या तारा. ती फोनच्याच आतल्या डॅकचा आवाज सी पोर्टच्या डेटाच्या संपर्कांवरून बाहेर काढते, आणि फोनने तशी सोय ठेवली असेल तरच चालते. पुष्कळ फोनमध्ये ती नसते. एका फोनवर चालणारा अडॅप्टर दुसऱ्यावर मुका राहिला, तर हे कारण आधी तपासावं. आयपॅड, नवे आयफोन किंवा संगणक यांना लावायचा असेल तर आत डॅक असलेलाच घ्यावा.

वीज

यजमानपण आलं की खाऊ घालणंही आलं. यूएसबी २ च्या नियमाप्रमाणे पाहुण्याला पाच व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पिअर मागता येतात, म्हणजे अडीच वॅट. जोडताना पाहुणा आपली गरज सांगतो. संगणक ती सहसा मान्य करतो. फोनला मात्र स्वतःची बॅटरी सांभाळायची असते, म्हणून तो हात आखडता घेऊ शकतो. लाइटनिंगच्या आयपॅडवर टेबलावरचा मोठा डॅक लावला की 'या उपकरणाला फार वीज लागते' असा संदेश यायचा आणि काम तिथेच थांबायचं. कधी गंमत अशी की डॅकला प्रत्यक्षात कमीच वीज लागायची, पण त्याने नोंद ५०० ची केलेली असायची.

उपाय एकच आहे, वीज दुसरीकडून द्यायची. मधे स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारा डबा, घालायचा, किंवा वीज आणि डेटा यांची वेगळी पोर्टं असलेला डॅक घ्यायचा. टॅबलेट कायम एका जागी ठेवून ऐकणाऱ्याला मी नेहमी अशा दोन पोर्टांच्या डॅककडेच वळायला सांगेन. त्याने टॅबलेटची बॅटरी वाचते आणि जोडणीही भक्कम होते. बोटभर डोंगल, म्हणजे आत डॅक असलेला तो लहान अडॅप्टर, फिरतीला छान, पण ते गाणं बंद असतानाही थोडी वीज खात राहतं. ऐकून झालं की काढून ठेवावं.

ऐकता ऐकता फोन चार्जही करायचा असेल तर चार्जिंगची वाट असलेला हब लागतो. त्यातून कधी बारीक गुणगुण येते, विशेषतः डॅक पुढे विजेवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला जोडला असेल तेव्हा. चार्जर आणि ॲम्प्लिफायर अशा दोन वाटांनी ग्राउंडचं एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून फिरणारा किरकोळ प्रवाह आवाजात मिसळतो. चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर डॅक निर्दोष आहे.

सामाईक भाषा

ओळखीच्या वेळी डॅक सांगतो, 'मी आवाजाचं उपकरण, अमुक दर मला चालतात, आवाज कमी-जास्त करायची सोय माझ्यात आहे.' हे सांगण्याची भाषा ठरलेली आहे. तिला यूएसबी ऑडिओ क्लास म्हणतात. पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी २००६ ची, तिसरी २०१६ ची. ही भाषा बोलणाऱ्या उपकरणाला क्लास-कम्प्लायंट म्हणतात, आणि त्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं खास सॉफ्टवेअर, लागत नाही. फोनवर ड्रायव्हर बसवण्याची सोय जवळजवळ नसतेच, त्यामुळे खरेदीच्या वेळी हा एक शब्द बाकीच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा मोलाचा. काही ऑडिओ इंटरफेस संगणकासाठी स्वतःचा ड्रायव्हर वापरतात आणि टॅबलेटसाठी त्यांच्यावर वेगळं बटण किंवा मोड असतो. तो सुरू केल्याशिवाय टॅबलेटला ते दिसत नाहीत.

पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीतला फरक समजायला एक छोटा हिशोब पुरतो. पहिली आवृत्ती धावते जुन्या, सेकंदाला १ कोटी २० लाख बिटांच्या यूएसबीवर. १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला १,९२,००० सॅम्पल), २४ बिट, दोन वाहिन्या म्हणजे सेकंदाला ९२ लाख १६ हजार बिट. वाटतं की बसेल. पण बसत नाही, कारण तिथे माल दर मिलिसेकंदाला एकाच गाठोड्यात जातो आणि गाठोड्याची कमाल मर्यादा १,०२३ बाइट. ९६ किलोहर्ट्झला ५७६ बाइट लागतात, ते आरामात मावतात. १९२ ला १,१५२ लागतात. ते अगदी थोडक्यात हुकतात. म्हणून पहिल्या आवृत्तीचे डॅक ९६ वर थांबतात. दुसरी आवृत्ती ४८ कोटी बिटांच्या वेगावर चालते, तिथे हा प्रश्नच उरत नाही. फोनचं पोर्ट यूएसबी २ आहे की ३, याची आवाजापुरती काळजी करण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

अँड्रॉइडमध्ये यजमानपणाची सोय ३.१ या आवृत्तीत, २०११ साली आली. यूएसबी ऑडिओला रीतसर आधार मिळाला तो ५.० मध्ये, २०१४ साली. विंडोजने ऑडिओ क्लासच्या दुसऱ्या आवृत्तीचा स्वतःचा ड्रायव्हर द्यायला २०१७ उजाडलं. फोन या बाबतीत फार मागे होते असं म्हणता येत नाही.

घड्याळ कोणाचं?

मला या विषयातला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो, म्हणून जरा रेंगाळतो.

फाइल कॉपी करताना चूक झाली तर संगणक तोच तुकडा पुन्हा मागतो. गाण्यात तेवढा वेळ नाही. म्हणून यूएसबीने आवाजासाठी वेगळा प्रकार ठेवला आहे, आयसोक्रोनस. ठरलेल्या क्षणी गाठोडं निघणार म्हणजे निघणार; खराब पोचलं तर पुन्हा पाठवणं नाही. खराब गाठोड्याची जागा रिकामी जाते आणि कानाला टिच् असा आवाज किंवा खंड ऐकू येतो. एवढं कळलं की केबलबद्दलचे पुष्कळ दावे आपोआप गळून पडतात. यूएसबी केबल बिघडली तर आवाज तुटतो. आकडे एक तर बरोबर पोचतात किंवा पोचत नाहीत. अमुक केबलने त्यांच्यात गोडवा किंवा उबदारपणा येईल अशी काही वाट त्यात नाही. केबल आखूड, मजबूत आणि डेटाची असावी, इतकं बास.

आता हिशोब पाहा. ४४,१०० सॅम्पल दर सेकंदाला, म्हणजे मिलिसेकंदाला ४४.१. सॅम्पलचा दहावा हिस्सा तर पाठवता येत नाही. मग नऊ गाठोड्यांत ४४-४४ आणि दहाव्यात ४५ असं चालतं. पण हे मिलिसेकंद कोणाच्या घड्याळाचं? फोनमध्ये एक स्फटिक ठोके देतो, डॅकमध्ये दुसरा. जगातले कुठलेही दोन स्फटिक अगदी एका चालीने चालत नाहीत. समजा, दोघांत दहा लाखांत पन्नास इतका क्षुल्लक फरक आहे. तरी दर सेकंदाला साधारण दोन सॅम्पल जास्त किंवा कमी पडतात, तासाभरात जवळजवळ आठ हजार. डॅकच्या पोटातली साठवण कधीतरी ओसंडून जाणार किंवा कोरडी पडणार.

जुना उपाय असा की डॅकने फोनच्या चालीने चालावं. फोनकडून माल ज्या वेगाने येतो त्याप्रमाणे आपलं घड्याळ सतत थोडं पुढे-मागे करत राहायचं. याला ॲडॅप्टिव्ह म्हणतात. चालतं, पण ज्या घड्याळावर आकड्यांची लहर होते तेच डगमगतं, आणि फोनचा प्रोसेसर काही संगीतासाठी शांत बसलेला नसतो. नवा उपाय उलटा आहे. डॅक स्वतःच्या स्थिर घड्याळावर चालतो आणि फोनला वरचेवर निरोप देतो, 'किंचित जास्त पाठव', 'आता किंचित कमी'. फोन मग ४४ च्या जागी कधी ४५ चं गाठोडं पाठवतो. याला असिंक्रोनस म्हणतात. वेगाची आज्ञा इथे पाहुणा देतो आणि यजमान पाळतो. यूएसबीच्या सगळ्या शिष्टाचारात ही उलटी रीत मला फार आवडते. आज बहुतेक चांगले डॅक असेच चालतात.

मधला मिक्सर

जोडणी झाली, वीज मिळाली, घड्याळं जुळली. तरी फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत पोचतीलच असं नाही. मधे ऑपरेटिंग सिस्टीम आहे.

फोनवर एका वेळी अनेक ॲप आवाज करतात: गाणं, निरोपाची टिंग, नकाशातली सूचना. हे सगळं एका डॅकला द्यायचं तर ते एका दरावर आणून एकत्र मिसळावं लागतं. अँड्रॉइडचा मिक्सर सहसा ४८ किलोहर्ट्झवर चालतो. सीडीच्या ४४.१ च्या फाइलचे तिथे ४८ करावे लागतात, म्हणजे दर १४७ सॅम्पलच्या जागी १६० नवी मोजून काढावी लागतात. आजचे फोन हे काम बऱ्यापैकी नीट करतात; मला तरी गाणं ऐकताना हा फरक खात्रीने ओळखता आलेला नाही. पण १९२ ची फाइल घेऊन, १९२ चा डॅक लावून ४८ ऐकणं हे कुणालाही पटणार नाही.

यातून दोन वाटा निघतात. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो यासारखी काही ॲप स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर आणतात, अँड्रॉइडच्या मिक्सरला वळसा घालून थेट डॅकशी बोलतात. तोवर डॅक त्या एका ॲपचा होतो. दुसरी वाट अँड्रॉइड १४ ने, २०२३ साली, सिस्टीममध्येच दिली: ॲपने मागितलं तर आकडे न बदलता डॅकला द्यायची सोय. पण ती फोन बनवणाऱ्यानेही द्यायला हवी आणि ॲपनेही वापरायला हवी, म्हणून नुसती आवृत्ती पाहून निश्चिंत होता येत नाही.

आयफोन आणि आयपॅडवर हा भाग सोपा आहे. ॲपने मागितलेला दर डॅकला जमत असेल तर सिस्टीम डॅकलाच त्या दरावर नेते. ॲपल म्युझिकने २०२१ साली १९२ किलोहर्ट्झपर्यंतची लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेली, गाणी द्यायला सुरुवात केली, आणि ४८ च्या वर ऐकायचं तर बाहेरचा डॅक लागेल असं तेव्हाच स्पष्ट सांगितलं.

मोठ्या आकड्यांबद्दल माझं मत लपवत नाही. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात, आणि तरुण, निरोगी कान साधारण २० पर्यंत ऐकतो. १६ बिटांत सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बारीक आवाज यांत ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. ऐकण्यासाठी हे पुरेसं आहे. ज्याने पैसे १९२ साठी मोजायचे ठरवले आहेत, त्याने ते चांगल्या हेडफोनवर घालावेत, फरक पहिल्या मिनिटात कळेल. २४ बिटांचा उपयोग खरा आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. ध्वनिमुद्रण करताना पातळी थोडी खाली ठेवून गायकाला मोकळीक देता येते. आणि ऐकताना फोनमध्ये आवाज कमी केला तर १६ बिटांचा तपशील कापला जात नाही. डिजिटल आवाज दर ६ डेसिबलने उतरवला की तळाचा एक बिट जातो. २४ बिटांच्या वाटेवर आठ बिट, म्हणजे ४८ डेसिबल हाताशी असतात.

आवाज बारीक का येतो?

ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि तिची दोन अगदी वेगळी कारणं आहेत.

पहिलं, आवाजाचं नियंत्रण दोन ठिकाणी असतं. एक फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक डॅकच्या आत. डॅकने ओळखीच्या वेळी 'माझ्यात आवाजाची सोय आहे' असं सांगितलं तर फोनने ती वापरावी ही अपेक्षा. काही अँड्रॉइड फोन ती वापरतच नाहीत. डॅकच्या आतलं बटण त्याच्या मूळ, खालच्या जागी राहतं आणि आपण फोनची पट्टी शंभरावर नेऊन वैतागतो. अशा वेळी डॅकची पातळी स्वतः वर नेणारं ॲप कामी येतं. डॅकवर हाताने फिरवायचं बटण असेल तर प्रश्नच मिटतो. त्याच्या उलट धोकाही लक्षात ठेवा: मिक्सर चुकवणारं ॲप पहिल्यांदा सुरू करताना आवाज एकदम पूर्ण येऊ शकतो. हेडफोन कानावरून काढूनच पहिलं गाणं लावा.

दुसरं कारण हेडफोनचं. एका साध्या डोंगलमधून समजा एक व्होल्ट मिळतो. ३२ ओहमच्या इअरफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट जातात, भरपूर झाले. तोच व्होल्ट ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३.३ मिलिवॅट देतो. दोन व्होल्ट देणारा डॅक तिथे १३ मिलिवॅट देईल, चौपट. म्हणून डॅक घेताना हेडफोनचे ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या विजेत तो किती जोरात वाजतो) आधी पाहावी, मग डॅकचे व्होल्ट. चिपचं नाव सगळ्यांत शेवटी.

ध्वनिमुद्रणवाल्यांसाठी इथेच एक गोष्ट. कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि ती अखेर फोनच्या पाच व्होल्टमधूनच उकळावी लागते. बटण दाबलं आणि इंटरफेस गळपटला, तर माइकवर शंका घेऊ नका, बाहेरची वीज द्या.

काही वाजलंच नाही तर

मी या क्रमाने जातो. आधी डॅकवरचा दिवा. तो पेटलाच नाही तर वीज पोचत नाही, म्हणजे यजमानाचा किंवा केबलचा घोळ: केबल उलटी करून, बदलून, ओटीजी अडॅप्टर घालून पाहायचं. काही फोनमध्ये ओटीजीचा स्विच सेटिंगमध्ये असतो आणि वापर नसेल तर काही वेळाने तो आपोआप बंद होतो, तो पाहायचा. दिवा पेटला पण आवाज फोनमधूनच येतोय, तर फोनने डॅकला आवाजाचं उपकरण मानलेलं नाही, किंवा डेव्हलपर ऑप्शनमध्ये यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करणारा पर्याय कुणीतरी चालू ठेवला आहे. तोच डॅक संगणकावर चालतो का हे पाहिलं की निम्मी शंका तिथेच फिटते. आवाज येतो पण टिचटिच करतो, तर हब काढून थेट जोडायचं आणि फोनचा बॅटरी सेव्हर बंद करायचा.

आणि सगळं नीट वाजत असेल, तरी एक तपासणी करून पाहावी. अनेक डॅकवर चालू दर दाखवणारा छोटा पडदा किंवा रंग बदलणारा दिवा असतो. ४४.१ ची एक फाइल लावा, मग ९६ ची. दोन्ही वेळा ४८ दिसलं तर मिक्सर मधे उभा आहे. आकडा फाइलबरोबर बदलला, तर दर न बदलता गाणं डॅकपर्यंत पोचतं आहे.